बर्लिनचा हवाई पूल: दर तीन मिनिटांचा हिशेब

२४ जून १९४८ रोजी पहाटे पश्चिम बर्लिनकडे जाणारी रेल्वे थांबली. पाठोपाठ रस्ते बंद झाले, कालवे बंद झाले, पूर्वेकडील केंद्रांतून येणारी वीजही तोडण्यात आली. वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर एका दिवसात बेट होऊन बसले. गोदामांत धान्य होते सुमारे ३६ दिवसांचे आणि कोळसा सुमारे ४५ दिवसांचा. पुढे जवळजवळ वर्षभर हे शहर आकाशातून जगवले गेले. त्या काळातील वैमानिकांच्या धाडसाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. हा धागा त्यामागच्या हिशेबाचा आहे: काय न्यायचे, किती न्यायचे आणि कोणत्या मिनिटाला न्यायचे.

पार्श्वभूमी थोडक्यात. युद्धानंतर जर्मनीचे चार वाटे झाले: अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच आणि सोव्हिएत. बर्लिन सोव्हिएत वाट्याच्या पोटात, पश्चिम सीमेपासून सुमारे १६० किलोमीटर आत. पण राजधानी म्हणून त्या शहराचेही चार तुकडे पाडलेले. पश्चिमेकडून तेथे जाणाऱ्या रस्त्यांबाबत आणि रेल्वेबाबत पक्का लेखी करार नव्हता. बरेचसे तोंडी समजुतीवर चालले होते. हवाई मार्गांचे तेवढे नोव्हेंबर १९४५ मध्ये कागदावर आले होते: तीन मार्ग, प्रत्येकाची रुंदी २० मैल. विमानांची टक्कर होऊ नये म्हणून केलेली ही रूक्ष नोंद तीन वर्षांनी शहराची जीवनरेखा ठरली.

जून १९४८ मध्ये पाश्चात्त्य सत्तांनी आपल्या वाट्यांत डॉइच मार्क हे नवे चलन आणले आणि स्टालिनने जमिनीवरच्या वाटा आवळल्या. विमाने अडवायची तर ती पाडावी लागली असती, आणि तेवढ्या टोकाला जाण्याची मॉस्कोची तयारी नव्हती.

आता हिशेब. शहराला दररोज लागणाऱ्या किमान अन्नाची यादी तयार झाली. पीठ व गहू ६४६ टन, इतर धान्ये १२५, स्निग्ध पदार्थ ६४, मांस व मासे १०९, सुकवलेला बटाटा १८०, साखर १८०, कॉफी ११, दुधाची भुकटी १९, मुलांसाठी ताजे दूध ५, यीस्ट ३, सुकवलेल्या भाज्या १४४, मीठ ३८ आणि चीज १०. एकूण १,५३४ टन. (येथील टन अमेरिकी मापाचे, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचे.) वीस लाख माणसांची भूक तेरा ओळींत मांडणारा हा कागद वाचताना कॉफीच्या ११ टनांपाशी थांबावेसे वाटते. केवळ उष्मांक मोजले असते तर कॉफीला यादीत जागाच मिळाली नसती. ज्याने ती ओळ घातली, त्याला माणसे किती दिवस धीर धरतात याचाही अंदाज घ्यायचा होता.

पण अन्न हा हिशेबाचा लहान भाग होता. कोळसा नसेल तर भट्ट्या बंद, वीज बंद, पाण्याचे पंप बंद. अन्न आणि इंधन मिळून रोजचे किमान उद्दिष्ट ठरले साडेचार हजार टन.

हाताशी काय होते? युरोपातील अमेरिकी वायुदलाकडे सुमारे शंभर सी-४७ विमाने होती, आपल्याकडे ‘डाकोटा’ या नावाने ओळखली जाणारी. एका खेपेत सुमारे तीन टन माल. साडेचार हजार टनांसाठी दिवसाला पंधराशे खेपा, म्हणजे रात्रंदिवस दर मिनिटाला एकाहून अधिक विमान उतरायला हवे. आणि उतरायचे कोठे, तर अमेरिकी विभागातील टेम्पेलहोफ आणि ब्रिटिश विभागातील गाटो या दोनच तळांवर. २६ जूनला, पहिल्या दिवशी, ३२ खेपांतून ८० टन माल पोहोचला.

सोव्हिएत सेनापती निश्चिंत होते, आणि त्याला सबळ कारण होते. अवघ्या साडेपाच वर्षांपूर्वी स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या जर्मन सहाव्या सैन्याला विमानांनी रसद पुरवण्याचे आश्वासन ग्योरिंगने दिले होते. निकड होती दिवसाला किमान तीनशे टनांची. प्रत्यक्षात पोहोचले सरासरी शंभर टनांच्या आसपास. त्या सैन्याचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक होते. हवाई रसद कशी फसते याचा सर्वांत मोठा धडा रशियनांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

पहिला बदल विमानांत झाला नाही, मालात झाला. पावात साधारण एक तृतीयांश पाणी असते. पाव नेणे म्हणजे विमानात पाणी भरणे. म्हणून पीठ न्यावे आणि पाव बर्लिनमध्ये भाजावा असे ठरले. पण भट्टीला कोळसा लागतो, तेव्हा त्या कोळशाचे वजन पिठाच्या वजनात धरून मगच तुलना करावी लागली. तरीही पीठच स्वस्त पडले. बटाटा सुकवून नेला तर सुमारे चार-पंचमांश वजन वाचते. मांसातील हाडे काढली तर तेही हलके होते. बर्लिनकरांना तो भुकटीचा बटाटा मुळीच आवडला नाही, आणि त्यावरचे विनोद शहरभर फिरले. पण ताजा बटाटा आणायचा तर त्याच्या जागी काय सोडायचे, या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हते.

मिठाची अडचण निराळी होती. मीठ विमानाच्या धातूला आणि केबलींना खाते. सुदैवाने ब्रिटिशांकडे संडरलँड नावाची पाण्यावर उतरणारी विमाने होती. समुद्रावर वावरायचे म्हणून त्यांच्यावर गंजरोधक प्रक्रिया आधीच केलेली होती. ती हाम्बुर्गहून मीठ भरून निघत आणि बर्लिनच्या हाफेल सरोवरात उतरत. डिसेंबरात सरोवर गोठू लागले तेव्हा मीठ हॅलिफॅक्स विमानांच्या पोटाखाली बाहेरून टांगलेल्या पेट्यांतून जाऊ लागले. कोणत्या मालाला कोणते वाहन, हा वाटपशास्त्रातील प्राथमिक प्रश्न, इतक्या नेमकेपणाने सुटलेला क्वचित दिसतो.

तरीही जुलैचे आकडे अपुरेच होते. उत्साह अमाप होता. वैमानिक झोप विसरून उडत होते, कचेऱ्यांतील अधिकारी टेबले सोडून विमानात बसत होते. वरून पाहणाऱ्याला ही धावपळ गौरवास्पद वाटे. जुलैच्या अखेरीस सूत्रे हाती घेणाऱ्या मेजर जनरल विल्यम टनर यांना मात्र ती पाहून काळजी वाटली. विमाने धावपट्टीपाशी रांगेत उभी, चालक उपाहारगृहात, मालमोटारी एकीकडे तर हमाल दुसरीकडे. सगळेच घाईत असतील तर कोठेतरी कोणीतरी वाट पाहत असणार, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

हा अनुभव त्यांनी भारतात मिळवला होता. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनकडे जाणारा जमिनीचा रस्ता तुटला; तेव्हा १९४२ पासून आसामातील चबुआ, दिनजान, जोरहाट अशा तळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून चीनमधील कुनमिंगला माल जाऊ लागला. वैमानिक त्या मार्गाला ‘हंप’, म्हणजे उंटाचे मदार, म्हणत. सुमारे साडेसहा लाख टन माल तेथून गेला आणि सहाशेच्या आसपास विमाने त्या डोंगरांत नष्ट झाली. सप्टेंबर १९४४ मध्ये टनर तेथे आले. विमानांच्या देखभालीची कारखान्यासारखी साखळी बसवली, नियम कडक केले. माल वाढला आणि अपघातांचे प्रमाण घटले. १ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी एका दिवसात किती माल नेता येतो याची कसोटीच घेतली: १,११८ फेऱ्या, ५,३२७ टन. बर्लिनच्या शिस्तीची तालीम अशी आसामच्या चहामळ्यांशेजारी झाली होती. आपल्याकडच्या युद्धकथांत या तळांचा उल्लेख फारसा येत नाही, ही खेदाची बाब.

१३ ऑगस्ट १९४८, शुक्रवार. ढग इमारतींच्या छपरांपर्यंत उतरलेले, पाऊस कोसळतो आहे. टेम्पेलहोफच्या चहूबाजूंना उंच चाळी. विमानांना त्यांच्या मधल्या फटीतून उतरावे लागे. एक सी-५४ धावपट्टीच्या टोकाला कोसळून पेटले. दुसऱ्याने त्याला टाळताना चाके फोडून घेतली. तिसरे भलत्याच, अर्धवट बांधलेल्या पट्टीवर उतरले. वर आकाशात विमाने एकावर एक घिरट्या घालू लागली, आणि त्या घिरट्यांत अडकलेल्या एका विमानात स्वतः टनर होते. त्यांनी रेडिओवरून हुकूम दिला: आपले विमान सोडून बाकी सर्वांना परत पाठवा.

त्या दुपारनंतर नियम बदलले. हवा स्वच्छ असो वा धुके, प्रत्येक विमान उपकरणांच्या आधारे आणि ठरलेल्या वेगानेच उडेल. उत्तरेकडील व दक्षिणेकडील मार्ग जाण्याचे, मधला परतीचा. आणि सर्वांत महत्त्वाचे: उतरण्याचा प्रयत्न एकदाच. चुकला तर घिरट्या नाहीत. माल घेऊन सरळ आपल्या तळावर परत.

या शेवटच्या नियमाचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. दहा टन माल बर्लिनच्या डोक्यावर येऊन परत जातो, हे पाहणाऱ्याला उधळपट्टी वाटेल. पण एक विमान पुन्हा प्रयत्न करू लागले की मागचे थांबते, त्यामागचे थांबते आणि पाहता पाहता सगळी रांग विस्कटते. एक खेप वाया घालवून पुढच्या वीस खेपा वाचवायच्या, असा तो व्यवहार होता.

दिवसात १,४४० मिनिटे. दर तीन मिनिटांना एक विमान, तर एका धावपट्टीवर दिवसाला ४८० विमाने. टनर यांच्या नियोजनाचा पाया हा एवढाच भागाकार. विमानांची संख्या हे खरे भांडवल नव्हतेच. खरे भांडवल होते धावपट्टीवरचे प्रत्येक तीन मिनिटांचे घर. ते रिकामे गेले की परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक घरात जास्तीत जास्त माल बसवायचा. डाकोटाची जमीन शेपटीकडे उतरती असल्याने तीन-साडेतीन टन उतरवायला जेवढा वेळ लागे, तेवढ्याच वेळात सी-५४ मधून दहा टन निघत. शिवाय दोहोंचे वेग वेगळे, त्यामुळे एकाच मार्गात त्यांची सांगड बसेना. शरद ऋतूच्या सुरुवातीस अमेरिकनांनी डाकोटा बाजूला काढले आणि जगभरातून सी-५४ गोळा केली. पुढे त्यांची संख्या सव्वादोनशेच्या घरात गेली.

मग वाट पाहण्याच्या एकेका जागेवर घाव पडला. वैमानिकांनी विमान सोडून जायचे नाही असा हुकूम निघाला. हवामानाचा अहवाल जीपमधून त्यांच्यापाशी येई, परतीचे कागद येत, आणि कॉफी व खाण्याची फिरती गाडीही येई. माल उतरवण्यासाठी बर्लिनच्याच नागरिकांच्या टोळ्या नेमल्या. बारा जणांच्या एका टोळीने दहा टन कोळसा सहा मिनिटांच्या आत उतरवल्याची नोंद आहे. विमान उतरून पुन्हा उडेपर्यंतचा काळ अर्ध्या तासाच्या आसपास आला. रोजच्या टनांचे फलक तळोतळी लागले आणि तळांमध्ये चुरस सुरू झाली.

अंतराचाही विचार झाला. अमेरिकी तळ फ्रांकफुर्टकडे, दक्षिणेला होते. ब्रिटिश वाट्यातील फासबर्ग आणि सेले बर्लिनला बरेच जवळ. अमेरिकी विमाने ब्रिटिश तळांवर नेऊन ठेवली की तेच विमान दिवसाला अधिक खेपा करू लागले. राष्ट्राभिमान बाजूला ठेवून नकाशाकडे पाहणे, हे युद्धोत्तर लष्करांत वाटते तितके सोपे नव्हते.

विमाने पुरेशी झाली तेव्हा धावपट्टी कमी पडू लागली. टेम्पेलहोफची पोलादी जाळीची पट्टी विमानांच्या भाराने सतत खचे; दोन विमानांच्या मधल्या मिनिटांत मजूर पट्टीवर धावत, खड्डे बुजवत आणि पुढचे विमान येण्याआधी बाजूला होत. म्हणून फ्रेंच विभागात टेगेल येथे नवा तळ उभारायचे ठरले. अवजड यंत्रे विमानात मावत नव्हती, तेव्हा ती पश्चिमेत कापली, तुकड्यांनी आणली आणि बर्लिनमध्ये पुन्हा जोडली. पायाला खडी हवी होती. बाँबफेकीत पडलेल्या घरांचे ढिगारे शहरभर होतेच. सुमारे सतरा हजार माणसे तीन पाळ्यांत राबली, त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या कामानंतर ५ नोव्हेंबरला तेथे पहिले विमान उतरले.

पुढची चणचण कारागिरांची. इंजिनांत कोळशाची भुकटी जाऊन ती लवकर झिजत होती आणि अमेरिकी यंत्रज्ञ अपुरे होते. तेव्हा जर्मन वायुदलात काम केलेले जुने यंत्रज्ञच नेमण्यात आले. ज्यांची विमाने तीन-चार वर्षांपूर्वी यांच्या विमानांवर गोळ्या झाडत होती, ते आता यांचीच इंजिने उघडून दुरुस्त करत होते.

नोव्हेंबर–डिसेंबरात धुके दाटले आणि आकडे कोसळले. एक वेळ अशी आली की शहरात आठवड्याभराचाच कोळसा उरला. घरांना वीज दिवसातून चार तास, तीही दोन-दोन तासांच्या तुकड्यांत, कधीकधी मध्यरात्री. स्त्रिया त्या वेळेला उठून स्वयंपाक करत. हवाई पुलाने शहर ‘जगवले’ असे म्हणताना या जगण्याची प्रतही लक्षात ठेवली पाहिजे: थंडी होती, काळोख होता, उद्यानांतील झाडे सरपणासाठी तुटत होती.

येथे एक दुरुस्तीही आवश्यक आहे. लोकप्रिय कथेत वेढा पूर्ण बंदिस्त दाखवला जातो. तसा तो नव्हता. शहराच्या पूर्व व पश्चिम भागांत ये-जा सुरूच होती, आणि पश्चिमेकडील अनेक कुटुंबे पूर्वेकडून व आसपासच्या खेड्यांतून भाजीपाला, बटाटे, सरपण आणत. सोव्हिएत विभागात नाव नोंदवून शिधा घेण्याची सोयही देऊ केलेली होती. ती घेणारे फार थोडे निघाले. हवाई पुलाचे मोल याने कमी होत नाही, पण विमानांच्या यादीबाहेरही एक पुरवठा चालू होता आणि तो सामान्य माणसांनी पिशव्यांतून वाहिला, हे इतिहासात यायला हवे.

लहान रुमालांच्या हवाई छत्र्यांना चॉकलेटे बांधून मुलांकडे सोडणारे गेल हॅल्व्हर्सन सर्वांच्या परिचयाचे. त्यांच्या उपक्रमातून पुढे सुमारे २३ टन मिठाई खाली आली. एकूण मालाच्या ती एक लक्षांश भरते. स्मृतीत मात्र तिचेच वजन सर्वांत जास्त राहिले.

याच सुमारास अमेरिकेत पेंटागॉनमध्ये एक लहान गट वाटपाच्या प्रश्नाकडे गणित म्हणून पाहत होता. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी ‘सिम्प्लेक्स’ पद्धत शोधली: साधने मर्यादित, गरजा अनेक, तर सर्वोत्तम वाटणी कोणती, हे पायरीपायरीने काढण्याची रीत. तिची चाचणी घेताना स्वस्त पण पोषक आहार कोणता, हे नऊ समीकरणे आणि ७७ अज्ञात राशींचे उदाहरण हाताने चालणाऱ्या गणनयंत्रांवर सोडवायला १२० मनुष्यदिवस लागले. १९४९ मध्ये डँट्झिग आणि मार्शल वूड यांनी आपल्या पद्धतीच्या मांडणीत बर्लिनच्या हवाई पुलाचेच उदाहरण घेतले. त्यामुळे हा पूल गणितानेच चालवला, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती फसवी आहे. रोजच्या निर्णयांसाठी हवे असलेले संगणक तेव्हा वायुदलाकडे नव्हते. पूल चालला फळा, घड्याळ आणि भागाकार यांवर. विद्या मागून आली आणि तिने झालेल्या कामाला सूत्रात बसवले. आज कोणत्याही मोठ्या गोदामातून निघणाऱ्या मालमोटारींचे मार्ग आखताना याच घराण्यातील सूत्रे वापरली जातात.

जानेवारीत हवा निवळली, रडारच्या मदतीने धुक्यातही उतरणे सोपे झाले, आणि साठे वाढू लागले. एप्रिलमध्ये टनर यांनी हंपवरची ती जुनी कसोटी पुन्हा मांडली. ईस्टरच्या सुमारास, १५ एप्रिलच्या दुपारपासून १६ एप्रिलच्या दुपारपर्यंत, केवळ कोळसा. १,३९८ खेपा आणि १२,९४१ टन. जवळजवळ प्रत्येक मिनिटाला एक विमान, आणि एकही मोठा अपघात नाही. जून १९४८ मध्ये अशक्य वाटलेला पंधराशे खेपांचा आकडा येथे जवळपास गाठला गेला होता, आणि तोही जवळजवळ तिप्पट भार घेऊन. १२ मे १९४९ रोजी मध्यरात्र उलटताच वेढा उठला.

विमाने मात्र थांबली नाहीत. रस्ता पुन्हा बंद होऊ शकतो, या शंकेने साठे भरेपर्यंत, ३० सप्टेंबरपर्यंत, ती उडत राहिली. एकूण सुमारे २३ लाख टन माल, त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश कोळसा. पावणेतीन लाखांहून अधिक खेपा. आणि शंभरावर मृत्यू, त्यांत ब्रिटिश, अमेरिकी आणि जर्मनही.

पुढे पश्चिम बर्लिनने सुमारे सहा महिने पुरेल इतके धान्य, डबाबंद अन्न, कोळसा आणि औषधे गोदामांत कायम राखून ठेवली. जुना माल काढून नवा भरण्याचे हे काम चाळीस वर्षे चालले. १९९० मध्ये जर्मनी एक झाली आणि या साठ्याची गरज संपली. त्यातील अन्नाचा मोठा भाग टंचाईने ग्रासलेल्या सोव्हिएत संघाला मदत म्हणून पाठवण्यात आला.